‘वर्तुळ पूर्ण झाले’

एखादे चरित्र किंवा कादंबरी वाचून संपत यावी आणि अखेरच्या पानावर ‘अशा रीतीने वर्तुळ पूर्ण झाले’ हे वाक्य भेटावे, हा अनुभव मराठी वाचकास आता नवा राहिलेला नाही. ज्या खेड्यात चरित्रनायकाचा जन्म झाला, त्याच खेड्याच्या नदीत त्याच्या अस्थी विसर्जित होतात. वर्तुळ पूर्ण होते. ज्या ओसरीवरून नायिका सासरी गेली, त्याच ओसरीवर चाळीस वर्षांनी ती एकटी येऊन टेकते. वर्तुळ पूर्ण होते. ग्रंथकार हे वाक्य लिहून लेखणी खाली ठेवतो आणि परीक्षणकार तेच वाक्य उचलून रचनेच्या रेखीवपणाबद्दल त्यास शाबासकी देतो. या दुसऱ्या वर्गात प्रस्तुत लेखकही मोडतो, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. काही दिवसांपूर्वी स्वतःची जुनी परीक्षणे चाळीत असता हे शब्द मी किमान सहा ठिकाणी स्तुतीदाखल योजलेले आढळले. त्या सहा पुस्तकांपैकी चारांचा शेवट आज मला धड आठवत नाही. जे शब्द इतक्या निरनिराळ्या शेवटांना सारखेच शोभतात, त्यांनी कोणत्याही एका शेवटाविषयी वाचकास काय सांगितले असेल, असा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

हा वाक्प्रचार मराठीच्या घरचा नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. जेथून निघालो तेथेच परत येणे, या अनुभवाविषयी आपल्या भाषेत शब्द नाहीत असे नव्हे; परंतु त्यांचा सूर पाहावा. ‘मागचे पाढे पंचावन्न’ असे आपण म्हणतो, ‘येरे माझ्या मागल्या’ असे म्हणतो, घाण्याच्या बैलाचा दाखला देतो. या तिन्हींत थट्टा आहे आणि थट्टेच्या तळाशी वैताग आहे. दिवसभर चालून बैल जागच्या जागीच राहिला, याबद्दल त्या बिचाऱ्याच्या फेऱ्यांना पूर्णत्व आले, असे कोणी तेली आजवर म्हणाला नसेल. परतण्यात एक प्रकारची कृतार्थता आहे, काहीतरी भरून आले, असे सुचविणारा शब्दप्रयोग आपण इंग्रजीतील ‘टु कम फुल सर्कल’ या वाक्प्रचारावरून घेतला आणि तो आपणास आवडला. उसनवारीबद्दल माझी तक्रार नाही. भाषा उसनवारीनेच वाढतात. उसने आणलेले भांडे मात्र मूळ मालकाच्या घरी कशासाठी वापरीत असत, एवढी चौकशी करण्यास हरकत नसावी.

इंग्रजांजवळही वैतागाचा शब्द आहेच. ‘बॅक टु स्क्वेअर वन’, म्हणजे पुन्हा पहिल्या घरात, असे ते म्हणतात. १९२७ साली इंग्लंडात नभोवाणीवरून फुटबॉलच्या सामन्याचे धावते वर्णन सुरू झाले, तेव्हा श्रोत्यांच्या सोयीसाठी मैदानाचा चौकोनांत विभागलेला नकाशा छापण्यात आला होता. त्यावरून हे शब्द निघाले, अशी एक लोकप्रिय कथा आहे. परंतु पटावरील खेळाशी, विशेषतः सापशिडीशी, त्यांचे नाते लावणे अधिक सयुक्तिक दिसते. सापशिडी म्हटली म्हणजे आपल्या मोक्षपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंपरेने ज्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे दिले जाते, त्या पटावर शिड्या सद्गुणांच्या व साप दुर्गुणांचे असत. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात मुलांची करमणूक होऊन बसला आणि होता होता त्याची नीती गळून गेली. मोक्षपटावर सोंगटी खाली घसरली की ती कोणत्या दोषामुळे घसरली, हे खेळणाऱ्यास कळत असे. ‘पहिल्या घरात परत’ या इंग्रजी शब्दांत केवळ फुकट गेलेले श्रम शिल्लक राहिले आहेत, कारण नाहीसे झाले आहे. वाक्प्रचार देशांतर करतात तेव्हा ओझ्यातील जड वस्तू प्रथम टाकून देतात, हे यावरून दिसते. ‘पूर्ण वर्तुळा’चेही तसेच झाले असावे, असा माझा तर्क आहे, आणि तो पडताळून पाहण्यासाठी त्याच्या उगमाकडे गेले पाहिजे.

हा उगम शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या शोकान्तिकेच्या अखेरच्या प्रवेशात सापडतो. हे नाटक १६०५-०६ च्या सुमारास लिहिले गेले आणि १६०८ साली प्रथम छापले गेले. तेथे हे शब्द वर्तुळाविषयी नसून चाकाविषयी आहेत. चाक पुरते फिरून आले आणि मी येथे येऊन पडलो, अशा अर्थाचे उद्गार ग्लॉस्टरचा अनौरस पुत्र एडमंड मरतेवेळी काढतो. चाकाच्या या कल्पनेस मोठा इतिहास आहे. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथिअस या रोमन पंडिताने बंदिवासात असता लिहिलेल्या ग्रंथात दैवदेवता आपले चाक फिरवीत बसलेली दिसते, आणि पुढे मध्ययुगीन युरोपात या चाकाची चित्रे ठिकठिकाणी काढण्यात आली. त्यांत चाकाच्या घेरावर चार माणसे असतात: एक वर चढणारा, एक माथ्यावर राज्य करणारा, एक खाली घसरणारा आणि एक तळाशी राज्यहीन पडलेला. या चित्रात पूर्णत्वाचा आनंद कोठेच नाही. चाक पुरते फिरले म्हणजे तळचा माणूस पुन्हा तळाशी आला, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. मेघदूतातील यक्ष आपल्या प्रियेस निरोप पाठविताना, मनुष्याची दशा चाकाच्या धावेप्रमाणे खाली जाते व वर येते, असे सांगून तिचे सांत्वन करतो. परंतु यक्षाचे चाक अजून फिरते आहे. शापाचे काही महिने उरले आहेत, आणि चाक फिरते आहे यातच त्याची सारी आशा आहे. एडमंडचे चाक थांबले आहे. एकच प्रतिमा, पण एकाच्या मुखी ती धीर देते आणि दुसऱ्याच्या मुखी हिशेब मिटविते. मराठीत एडमंडच्या उद्गाराचा आशय सांगावयाचा झाल्यास ‘वर्तुळ पूर्ण झाले’ यापेक्षा ‘करावे तसे भरावे’ ही आपली जुनी म्हणच अधिक जवळची पडेल.

‘लिअर’मध्ये चाक हे एकदाच येत नाही, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजाचा निष्ठावंत सेवक केंट खोड्यात अडकविला जातो तेव्हा तो दैवास आपले चाक फिरविण्याची विनंती करून झोपी जातो. विदूषक शहाणपण शिकवितो, की मोठे चाक उतारावरून गडगडू लागले म्हणजे त्याचा हात सोडावा, नाहीतर मान मोडेल; ते चढणीस लागले असेल तर खुशाल त्याच्यामागे ओढले जावे. आणि वेडाच्या झोपेतून जागा होणारा म्हातारा लिअर, समोर उभ्या असलेल्या कॉर्डेलियास स्वर्गातील आत्मा समजून, आपण स्वतः मात्र अग्नीच्या चाकास जखडलेलो आहोत असे म्हणतो. केंट चाकाची वाट पाहतो, विदूषक त्याचा व्यवहार जाणतो, लिअर ते सोसतो. एडमंड तेवढा त्याच्या फेऱ्यास सिद्धान्ताचे रूप देतो. चौघांत ज्याचे काळीज सर्वांत कोरडे, त्याच्या तोंडी चाकाची ही व्याख्या आली आहे, आणि आपण सर्वांनी तीच उचलली.

आता तो प्रवेश जवळून पाहू. कपटाने भावास घरातून हाकलणारा आणि बापास शत्रूंच्या हाती देणारा एडमंड, त्याच भावाच्या तलवारीने घायाळ होऊन पडला आहे. भाऊ एडगर आपले नाव प्रकट करतो, आणि देव न्यायी आहेत, आपल्याच सुखाच्या पापांचे ते आपणास शासन करतात, असा निर्वाळा देतो. ज्या अंधाऱ्या जागी तुझा जन्म ठरला, तिने आपल्या बापाचे डोळे घेतले, असेही तो सांगतो. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात ग्लॉस्टर या अनौरस मुलाच्या जन्माविषयी केंटजवळ हसत-खिदळत बोलत होता, याचे येथे वाचकास स्मरण होते. आरंभीच्या हास्याचे अखेरीस आंधळेपण झाले. एडमंड भावाचे म्हणणे मान्य करतो आणि चाकाविषयीचे ते शब्द उच्चारतो. रचनेच्या दृष्टीने पाहू गेल्यास यापेक्षा रेखीव जुळणी कोठे सापडावी? कित्येक वर्षे हा भाग शिकविताना मीही येथे थांबत असे, फळ्यावर एक वर्तुळ काढीत असे, आणि नाटकाचे नैतिक सूत्र येथे हाती लागते, असे विद्यार्थ्यांस सांगत असे.

एके वर्षी ते वर्तुळ काढून मी हातावरील खडू झटकीत असता पुढच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, येथे वर्तुळ पूर्ण झाले, तर मग कॉर्डेलिया का मरते?” मी शोकान्तिकेच्या स्वरूपाविषयी, सज्जनांच्या विनाशाविषयी, शिकविण्याच्या धंद्यात नेहमी हाताशी असते असे काही सांगितले. तास संपला. पण उत्तर पोकळ होते, हे तिलाही कळले असावे आणि मला तर कळलेच होते. घरी येऊन तो प्रवेश पुन्हा वाचला तेव्हा ध्यानात आले की, एडमंडच्या त्या वाक्यानंतर नाटकाच्या सुमारे दीडशे ओळी अजून शिल्लक आहेत. मी ज्या ठिकाणी खडू खाली ठेवीत होतो, तेथे शेक्सपिअरने लेखणी खाली ठेवलेली नाही.

त्या दीडशे ओळींत काय घडते? बापाच्या मृत्यूची हकीकत ऐकून एडमंडचे मन द्रवते. आपला स्वभाव नसतानाही काही चांगले करावे, असे त्याच्या मनात येते. लिअर व कॉर्डेलिया यांना ठार मारण्याची आज्ञा आपण देऊन ठेवली आहे, हे तो सांगतो, आणि ती मागे घेण्यासाठी खूण म्हणून आपली तलवार देऊन माणूस पाठवितो. देव तिचे रक्षण करोत, असे ऑल्बनी म्हणतो. त्या शब्दांच्या पाठोपाठ कॉर्डेलियाचे प्रेत हातांवर घेऊन लिअर प्रवेश करतो. थोड्या वेळाने एडमंड मेल्याची वार्ता येते, तेव्हा येथे ती क्षुल्लक आहे, एवढे म्हणून ऑल्बनी ती बाजूस सारतो. ज्याच्या मरणात आपण नाटकाचे वर्तुळ पूर्ण झालेले पाहिले, त्याच्या मरणाची नाटकाने ठेवलेली किंमत ही एवढी! पुढे ऑल्बनी पुन्हा एकवार सर्वांचा हिशेब मिटवू पाहतो: मित्रांस सद्गुणाचे फळ मिळेल, शत्रूंस कर्माचा पेला प्यावा लागेल, अशी घोषणा तो करतो, पण ती पुरी होते न होते तोच त्याची दृष्टी लिअरकडे जाते आणि त्याचे वाक्य तेथेच राहते. मुलीच्या ओठांकडे पाहत म्हातारा प्राण सोडतो. एडगरने एकदा, एडमंडने एकदा आणि ऑल्बनीने दोनदा, अशी चार वेळा या एका प्रवेशात जगाची घडी बसविण्यात येते, आणि प्रत्येक वेळी कॉर्डेलियाचा मृत्यू ती विसकटून टाकतो. तिच्या वाट्यास हे यावे असे तिने काय केले होते, या प्रश्नास चाकाजवळ उत्तर नाही. चाक पापाचा पाठलाग करू शकते. निष्पाप मनुष्याच्या मरणाशी त्याचा काही संबंधच पोहोचत नाही.

हा शेवट सोसणे किती कठीण आहे, याची साक्ष इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासातच आहे. १६८१ साली नेहम टेट याने ‘लिअर’ची नवी रंगावृत्ती सिद्ध केली. तीत विदूषकास अजिबात वगळले. एडगर व कॉर्डेलिया यांचे प्रेम घातले. अखेरीस लिअरला राज्य परत मिळते, कॉर्डेलिया जगते, तिचे एडगरशी लग्न होते, आणि लिअर, ग्लॉस्टर व केंट या तिघा वृद्धांस निवृत्तीचे सुख लाभते. पुढे सुमारे दीडशे वर्षे इंग्रज प्रेक्षकांनी रंगभूमीवर पाहिला तो बहुतांशी हा टेटचा लिअर. १८२३ साली एडमंड कीनने दुःखान्त शेवट परत आणून पाहिला, आणि १८३८ साली मॅक्रेडीने विदूषकासह शेक्सपिअरची संहिता रंगभूमीवर पुन्हा प्रतिष्ठित केली. टेटला आज आपण हसतो. परंतु डॉक्टर जॉन्सनसारख्या खंबीर टीकाकाराने १७६५ च्या आपल्या आवृत्तीत प्रेक्षकांच्या या पसंतीची बाजू घेतली आणि कबुली दिली की, कॉर्डेलियाच्या मृत्यूने आपणास एवढा धक्का बसला होता की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत ते अखेरचे प्रवेश पुन्हा वाचण्याचे धैर्य झाले होते की नाही, हे आपणास सांगता येत नाही. ब्रॅडलीनेही १९०४ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानसंग्रहात, सुखान्त शेवटाची ओढ आपल्या भावनेस वाटते, हे लपविलेले नाही. हे दोघे निदान आपणास काय सोसवत नाही ते उघड सांगतात. फळ्यावर वर्तुळ काढून थांबणारा प्राध्यापक नाटकातील एक शब्दही न बदलता टेटचेच काम करीत असतो, आणि त्याचे त्यास भानही नसते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, मग आरंभाकडे परतणारा प्रत्येक शेवट खोटाच समजावयाचा काय? परतण्याचे समाधान देणाऱ्या थोर कृती नाहीत काय? आहेत, आणि त्यांतील सर्वश्रेष्ठ कृती आपल्याच घरात आहे. शाकुंतलाची रचना पाहावी. पहिल्या अंकात दुष्यंत रथातून हरिणामागे धावत कण्वाश्रमाशी येतो. सातव्यात इंद्राच्या रथातून उतरून मारीचाश्रमाशी येतो. पहिल्या अंकात आश्रमात पाऊल टाकताना त्याचा बाहू स्फुरतो, सातव्यातही स्फुरतो. येथे वर्तुळ आहे, आणि ते कवीने जाणूनबुजून काढले आहे. परंतु पहिल्या स्फुरणाच्या वेळी, होणाऱ्या गोष्टींना सगळीकडेच दारे असतात असे म्हणून राजा उत्सुकतेने आत गेला. दुसऱ्या वेळी तो आपल्याच बाहूस रागे भरतो, की तू व्यर्थ का स्फुरतोस, मला आता कसली आशा? खूण तीच आहे, पण ती ओळखणारा मनुष्य तो राहिलेला नाही.

पुढे कालिदासाने जे केले आहे त्याकडे आपले लक्ष पुरेसे जात नाही. पुत्र भेटतो तो सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहण्याइतका मोठा झालेला. त्याचे बाळपण राजास आता कोणी परत देणार नाही. हा कोण, असे मूल आईस विचारते तेव्हा, आपल्या दैवास विचार, असे ती उत्तर देते. राजा तिच्या पाया पडतो, शापाचा उलगडा होतो, सर्व काही गोड होते. पण जिच्यामुळे स्मृती परतली ती अंगठी राजा तिच्या बोटात पुन्हा घालू पाहतो तेव्हा शकुंतला ती घेत नाही. हिच्यावर माझा आता विश्वास नाही, ती आपणच वापरावी, असे ती सांगते. किती साधे वाक्य! राग नाही, टोमणा नाही. तिने पतीस क्षमा केली आहे. अंगठीवरचा पूर्वीचा भाबडा विश्वास मात्र गेला तो गेलाच. सगळे परत मिळाले असे वाटावयास लावणाऱ्या प्रसंगात, काय परत मिळाले नाही, ते कवीने एका वाक्यात नोंदवून ठेवले आहे. आणि या नोंदीमुळेच त्या मीलनावर आपला विश्वास बसतो. टेटच्या शेवटावर आपला विश्वास बसत नाही, कारण तेथे सर्वांना सर्व परत मिळते आणि कोणाचे काही हरवलेलेच नसते.

प्रसंगाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८८० च्या ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात संगीत शाकुंतलाचा पहिला प्रयोग केला, तो पहिल्या चार अंकांचाच होता. त्या रात्रीचे प्रेक्षक शकुंतलेस आश्रमातून निरोप देऊन घरी गेले. पुनर्मीलन त्यांनी पाहिले नाही. तरीही त्या प्रयोगाने मराठी रंगभूमीवर नवे युग सुरू झाले असे आपण मानतो. रसिकाच्या मनाची तृप्ती ही वर्तुळाच्या पूर्णतेवर अवलंबून नसते, याचे याहून चांगले उदाहरण मजजवळ नाही.

‘लिअर’चे बीज ज्या मराठी नाटकात सर्वांत खोल रुजले, ते शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात गणपतराव बेलवलकर हा वृद्ध नट रंगभूमीचा निरोप घेऊन आपली मिळकत मुलांस वाटून देतो, आणि मुलाच्या व मुलीच्या घरी अपमान सोसून अखेर रस्त्यावर येतो. त्याच्याविषयी लिहिताना, आयुष्यभर राजांची सोंगे आणणारा नट शेवटी खरोखरच राज्यहीन राजा झाला, वर्तुळ पूर्ण झाले, असे म्हणण्याचा मोह सहज होतो. माझ्या त्या सहा परीक्षणांपैकी एक या नाटकाच्या प्रयोगाचे होते. पण बेलवलकराची व्यथा वर्तुळाने उलगडत नाही. मरताना त्याच्या ओठांवर त्याच्या जुन्या भूमिका येतात. तो जणू रंगभूमीवर परत जातो. मात्र ज्या कावेरीसह तो घराबाहेर पडला, ती वाटेतच गेलेली आहे. ‘लिअर’ वाचलेला मनुष्य बेलवलकरात लिअर शोधतो. कावेरीस जोड मात्र ‘लिअर’मध्ये नाही, कारण लिअरची राणी त्या नाटकात येतच नाही. शिरवाडकरांनी आपल्या भूमीतून आणून घातले ते हे सहधर्मचारिणीचे दुःख, आणि नेमके तेच ‘वर्तुळ पूर्ण झाले’ म्हणणाऱ्या परीक्षणात सापडत नाही. माझ्या परीक्षणात कावेरीचे नाव केवळ पात्रांच्या यादीत होते.

एवढ्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. आरंभस्थानी परत येते ते केवळ स्थळ. मधला काळ परत येत नाही. वर्तुळ ही भूमितीतील आकृती आहे आणि भूमितीत काळाला जागा नाही. म्हणून तेथे आरंभबिंदू व अन्त्यबिंदू एकच होऊ शकतात. मनुष्याच्या आयुष्यात ते कधीच एक होत नाहीत, आणि साहित्याचा विषय मनुष्याचे आयुष्य हा आहे. तेव्हा एखादी कृती आरंभाकडे परतली, या निरीक्षणाने टीकाकाराचे काम सुरू होते, संपत नाही. परतणारा मनुष्य तोच आहे काय? त्याच्याबरोबर निघालेले कोण मागे राहिले? ज्याची भरपाई होऊ शकत नाही असे काय गमावले, आणि लेखकाने ते गमावल्याची नोंद ठेवली आहे काय? या प्रश्नांना कृतीतून उत्तरे मिळत असतील तर ‘वर्तुळ’ हा शब्द वापरला काय किंवा न वापरला काय, सारखेच. उत्तरे मिळत नसतील तर त्या शब्दाने लेखकाची उणीव झाकली जाते, आणि तो शब्द योजणारा परीक्षणकार त्या झाकण्यात भागीदार होतो.

ज्या नायिकेचा उल्लेख आरंभी केला, ती चाळीस वर्षांनी त्याच ओसरीवर येऊन टेकली आहे. लेखकाने तिला तेथवर आणले, हे ठीक झाले. पण ती जमीन आता कोण सारवते? तिला निरोप देताना उंबऱ्यात उभी होती ती आई कोठे आहे? निघताना जे बोलावयाचे राहून गेले, ते आता ती कोणाजवळ बोलेल? वाचकाचे मन या प्रश्नांपाशी थबकलेले असताना त्यास ‘वर्तुळ पूर्ण झाले’ असे सांगून उठविणे, हे मेजवानीच्या पंक्तीत पाहुण्याच्या पानावरील भात अर्धा असतानाच हात धुवावयास पाणी आणून ठेवण्यासारखे आहे. यापुढे माझ्या परीक्षणांत हे शब्द येणार नाहीत, अशी प्रतिज्ञा मी करीत नाही. सवय जुनी आहे. परंतु फळ्यावरचे वर्तुळ मी सोडले आहे. ‘लिअर’चा तो प्रवेश आता शिकवितो तेव्हा एडमंडच्या वाक्याशी न थांबता पुढे वाचीत जातो, आणि कॉर्डेलियास हातांवर घेऊन म्हातारा आत येतो तेथे थोडा वेळ काहीच बोलत नाही. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे यापेक्षा चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही.